दिवा लागल्यानंतरचा अर्धा तास

मी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. चित्रपटकलेचा अभ्यास मीं केलेला नाहीं आणि त्या कलेवर बोलण्याचा अधिकारही मजकडे नाहीं. तथापि गेलीं पांच वर्षें आमच्या गांवीं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं आम्ही कांहीं मंडळी एक पांढरा पडदा बांधतों, त्यावर एखादा माहितीपट दाखवितों, आणि तो संपल्यावर दिवा लावून त्यावर बोलत बसतों. या उद्योगांत मला जें शिकावयास मिळालें, तें आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अन्यायाची हकीकत सांगणारा चित्रपट पडद्यावर संपतो, तेव्हां त्याचें निम्मेंच काम झालेलें असतें. उरलेलें निम्में दिवा लागल्यानंतरच्या अर्ध्या तासांत व्हावयाचें असतें, आणि तें चित्रपट करणाऱ्याचें नसून पाहणाऱ्यांचें असतें.

पडद्यावर चित्रें दाखवून लोकांचें ज्ञान वाढवावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ करीत असत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचें चित्रण केलें. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक छोटा चित्रपट तयार केला होता. म्हणजे आपल्याकडील चित्रपटाचा आरंभच मुळीं डोळ्यांपुढें घडणाऱ्या गोष्टींकडे नीट पाहण्यापासून झाला आहे. पुढें १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था निघाली. तिचे माहितीपट देशभर दाखविले गेले, आणि २०२२ सालीं ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या सुमारास, माहिती खात्याची गाडी वर्षाकाठीं एक-दोन वेळां गांवांत येई. चावडीपुढें पडदा लागे. पुढची जागा भरली कीं उशिरा आलेले लोक पडद्याच्या पाठीमागें बसत. त्यांना अक्षरें उलटीं दिसत आणि पडद्यावरचे सगळे शेतकरी डावखुरे दिसत. लस टोंचणें, सुधारलेलें बियाणें, धरणें, अल्पबचत, असे विषय असत. त्या चित्रपटांपासून आम्ही पुष्कळ शिकलों, हें मी कृतज्ञतेनें सांगतों. परंतु खेळ संपला कीं गाडीवाला पडदा गुंडाळी, इंजिन सुरू होई, आणि आम्ही कंदील घेऊन घरीं जात असूं. आम्हांला कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही कोणाला कांहीं विचारलें नाहीं. सांगणारा एका बाजूस आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूस, अशीच ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था बदलतां येते, याचें एक उत्तम उदाहरण कॅनडा देशांत घडलें. त्या देशाच्या पूर्व टोंकास न्यूफाउंडलंड आहे आणि त्याच्या ईशान्येस फोगो नांवाचें एक लहानसें बेट आहे. वस्ती सुमारें पांच हजार, गांवें दहा, आणि बहुतेकांचा धंदा किनाऱ्याजवळची कॉड मासळी धरण्याचा. मोठीं जहाजें खोल समुद्रांत मासळी ओढूं लागलीं, तेव्हां लहान होड्यांच्या जाळ्यांत पुरेसें कांहीं येईना. पुष्कळ कुटुंबें सरकारी मदतीवर येऊन पडलीं. लोकांनीं बेट सोडून दुसरीकडे वसावें, असें सरकारचें धोरण होतें. लोकांना जावयाचें नव्हतें. पण दहा गांवांचा एक विचार होईना. धर्मपंथ निराळे, शाळा निराळ्या, आणि जुनीं भांडणें होतींच.

१९६७ सालीं कोलिन लो नांवाचे दिग्दर्शक कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळातर्फें तेथें आले. एका विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे कार्यकर्तेही त्यांच्यासह होते. त्यांनीं एक मोठा चित्रपट न करतां पंचवीसांहून अधिक लहान लहान चित्रपट केले. दोन माणसांचीं बोलणीं कापून तीं एकमेकांवर आदळवावयाचीं आणि त्यांतून वाद रंगवावयाचा, हा मोह त्यांनीं टाळला. ज्याचें त्याचें म्हणणें सलग राहूं दिलें. ज्याचें चित्रण झालें असेल त्याला तें आधीं दाखवावयाचें, त्याची संमति घ्यावयाची, आणि त्याला नको असेल तें काढून टाकावयाचें, असा नियम ठेविला. मग हे चित्रपट गांवोगांवीं दाखविले गेले. समोरासमोर आला तर ज्याचें बोलणें आपण मध्येंच तोडलें असतें, त्याच माणसाचें बोलणें पडद्यावर मात्र शेवटपर्यंत ऐकावें लागतें. शेजारच्या गांवाचें दुखणें आणि आपलें दुखणें एकच आहे, हें अशा रीतीनें लोकांच्या ध्यानांत येऊं लागलें. पुढें ते चित्रपट सरकारी अधिकाऱ्यांना दाखविण्यांत आले, आणि मंत्र्यांचें उत्तर चित्रित करून बेटावरील लोकांपुढें आणण्यांत आलें.

त्याच सुमारास होड्या बांधण्यासाठीं आणि मासळीच्या धंद्यासाठीं बेटावर सहकारी संस्था उभी राहिली. बेट ओस पडलें नाहीं. १९९२ सालीं कॉड धरण्यावर सरकारनें बंदी घातली. तो घावही त्या संस्थेनें सोसला आणि खेकडे व कोळंबी यांच्या धंद्यावर ती टिकून राहिली. हें सारें चित्रपटानें केलें, असें मी म्हणणार नाहीं. सहकाराची बोलणीं चित्रपटापूर्वींही चालू होतीं. चित्रपटानें एवढेंच केलें कीं, एकमेकांचें न ऐकणाऱ्या माणसांना ऐकावयास बसविलें. पण एखाद्या गांवांत एवढें झालें तरी तें कांहीं थोडें नव्हे.

दुसरें उदाहरण अधिक दुःखद आहे. जपानमधील क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता नांवाचें गांव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्याचें सांडपाणी वर्षानुवर्षें समुद्रांत सोडलें जात होतें. त्यांत पाऱ्याचें एक विषारी संयुग होतें. तें मासळींत उतरलें, आणि मासळींतून मांजरांच्या व माणसांच्या पोटांत गेलें. मांजरें झटके येऊन गरगर फिरूं लागलीं आणि पाण्यांत पडून मरूं लागलीं. मग माणसांच्या हातापायांना बधिरपणा येऊं लागला, नजर आक्रसूं लागली, बोलणें अडखळूं लागलें. १९५६ सालीं या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ सालीं कंपनीच्याच रुग्णालयांतील डॉक्टर होसोकावा यांनीं कारखान्याचें सांडपाणी एका मांजराच्या खाण्यांत मिसळलें. त्या मांजरास तोच रोग झाला. पण ही गोष्ट त्या वेळीं बाहेर येऊं दिली गेली नाहीं. कारखान्याचें सांडपाणी हेंच रोगाचें कारण, असें सरकारनें मान्य केलें तें १९६८ सालीं. मधल्या बारा वर्षांत लोक तीच मासळी खात होते.

नोरिआकी त्सुचिमोतो या दिग्दर्शकानें या रोग्यांवर केलेला माहितीपट १९७१ सालीं प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीं पाहिला गेला. एखादा दुसरा गृहस्थ तेवढ्यावर समाधान मानता. परंतु ज्या समुद्राच्या कांठीं हें संकट कोसळलें, त्याच्या पलीकडील बेटांवरच्या कोळीवाड्यांतून या रोगाचें नांवसुद्धां उघडपणें घेतलें जात नव्हतें. रोगाचा बोभाटा झाला तर मासळी कोण विकत घेईल, आणि घरांतल्या मुलींचीं लग्नें कशीं व्हावीं, ही तेथील लोकांची भीति. म्हणून १९७७ सालीं त्सुचिमोतो आपले चित्रपट आणि यंत्रसामग्री घेऊन त्या किनाऱ्यावरील गांवें फिरले. चित्रपट दाखवावा आणि लोकांशीं बोलावें, असा तो क्रम होता. अशा गांवांत बसून पडद्यावरील रोग्याचा थरथरता हात पाहणें, आणि मग कोणाच्या लक्षांत न येईल अशा बेतानें आपल्या स्वतःच्या हाताकडे पाहणें, म्हणजे काय असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. ज्ञान राजधानींत पोहोंचलें म्हणजे तें ज्याच्या दारीं हवें त्याच्या दारीं पोहोंचलें असें होत नाहीं. तेथपर्यंत तें कोणी तरी हातानें नेऊन पोहोंचवावें लागतें.

आपल्या देशांतही अशी पोहोंचवणूक करणारे लोक आहेत. आनंद पटवर्धन यांनीं १९८५ सालीं ‘हमारा शहर’ या माहितीपटांत मुंबईतील झोपड्या पाडल्या गेलेल्या माणसांची बाजू मांडली. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत पोलिसांच्या गोळीबारांत दहा माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्या धक्क्यानें शाहीर विलास घोगरे यांनीं आपलें जीवन संपविलें. तेथून आरंभ करून पटवर्धनांनीं चौदा वर्षें चित्रण केलें. ‘जय भीम कॉम्रेड’ हा तो चित्रपट २०११ सालीं पुरा झाला. ज्यांच्या दुःखाचा तो आहे त्यांच्याच वस्त्यांतून तो दाखविला गेला, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. गोरखपूर येथें २००६ सालीं ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नांवाची चळवळ सुरू झाली. मोठ्या कंपन्यांचे पैसे न घेतां प्रेक्षकांच्या वर्गणीवर खेळ करावयाचे, हें तिचें ब्रीद. आमचा खेळही तसाच चालतो. दाराशीं एक डबा ठेविलेला असतो. ज्याला जें वाटेल तें त्यानें टाकावें.

आतां आमच्या गांवची एक गोष्ट सांगतों. ती माझ्या अभिमानाची नाहीं. पण ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं.

स्टॅलिन के. यांचा ‘इंडिया अनटच्ड’ या नांवाचा २००७ सालचा एक माहितीपट आहे. अस्पृश्यता कायद्यानें गेली, पण व्यवहारांतून गेली नाहीं, हें निरनिराळ्या राज्यांत हिंडून त्यांनीं त्यांत दाखविलें आहे. शाळेंतील झाडलोट आणि शौचालयाची सफाई दलित मुलांच्याच वाट्यास कशी येते, हेंही त्यांत आहे. हा चित्रपट आमच्या पडद्यावर दाखवावा, असें मींच सुचविलें. चित्रपटांतील भाषा अनेक असल्यामुळें मध्यें मध्यें तो थांबवून मी मराठींत अर्थ सांगत होतों. दिवा लागल्यावर विचारण्यासाठीं पांच प्रश्न मीं कागदावर लिहून आणले होते. ते सगळे दुसऱ्यांच्या गांवांविषयींचे होते.

दिवा लागला. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग मागच्या बाजूस बसलेला एक तरुण उभा राहिला. तो माझाच जुना विद्यार्थी. आतां तिशींत आलेला. तो म्हणाला, “गुरुजी, राग मानूं नका. आपण आम्हांला कधीं मारलें नाहीं, आणि शिकवलेंही मनापासून. पण आपल्या शाळेंत शौचालयाची बादली कोणाच्या हातीं असे, तें आठवतें का? आणि पिण्याच्या पाण्याचा माठ कोण भरी?”

मला आठवलें. आमच्या शाळेंत शिपाई नव्हता. स्वच्छतेच्या पाळ्यांचा तक्ता मींच वळणदार अक्षरांत लिहून भिंतीला लावीत असें, आणि त्यांत सर्व मुलांचीं नांवें असत. परंतु प्रत्यक्षांत बादली एकाच वस्तींतील तीन-चार मुलांकडे जाई, आणि माठ त्यांच्याकडे कधींच जात नसे. मीं तसा हुकूम केला नव्हता. तसा हुकूम करावा लागत नसे, हीच त्यांतली गोम. अकरा वर्षें मीं तक्ता पाहिला आणि बादलीकडे पाहिलें नाहीं.

त्या सभेंत मीं एवढेंच म्हटलें कीं, “तुझें म्हणणें खरें आहे, आणि चूक माझी आहे.” माझा प्रश्नांचा कागद खिशांतच राहिला. त्यानंतर मात्र लोक बोलूं लागले. एका बाईंनीं आपल्या शाळेच्या दिवसांतली तशीच आठवण सांगितली. एक गृहस्थ म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून काय मिळावयाचें? त्यावर दुसरे म्हणाले, जुन्या आहेत कीं नाहींत हें उद्यां शाळेंत जाऊन पाहूं. दुसऱ्या दिवशीं सोमवार नव्हता म्हणून एक दिवस थांबून आम्ही चौघे शाळेंत गेलों. तेथील नवे शिक्षक समजूतदार आहेत. पाळ्यांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढाव्या, बादली आणि माठ हीं दोन्हीं कामें त्याच चिठ्ठ्यांत असावीं, आणि पहिली पाळी शिक्षकांनीं घ्यावी, असें ठरलें. ही पद्धति अद्याप चालू आहे. मी अधूनमधून जाऊन पाहतों.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गृहस्थांच्या ओट्यावर आम्ही पडदा बांधीत असूं, त्यांनीं पुढच्या महिन्यास ओटा मोकळा नाहीं असा निरोप पाठविला. त्याच्या पुढच्या महिन्यासही तो मोकळा झाला नाहीं. नेहमीं येणारीं कांहीं कुटुंबें यावयाचीं थांबलीं. तेव्हां त्या विद्यार्थ्यानें आपल्या वस्तींतील समाजमंदिर देऊं केलें, आणि खेळ तेथें होऊं लागला. त्या गांवांत मीं अकरा वर्षें नोकरी केली, निवृत्तीनंतरही तेथेंच राहिलों; परंतु त्या समाजमंदिरांत मीं पहिलें पाऊल टाकलें तें त्या रात्रीं. थांबलेल्यांपैकीं कांहीं मंडळी मागाहून तेथें आलीं. कांहीं अजून आलेलीं नाहींत. त्यांची आम्ही वाट पाहतों.

या अनुभवानंतर आम्हीं आमच्या खेळाचे कांहीं नियम केले. कोणास असा उपक्रम करावयाचा असेल तर त्यास ते उपयोगी पडावेत म्हणून सांगतों. पहिला नियम असा कीं, चित्रपट करणाऱ्याची परवानगी मागितल्यावांचून खेळ करावयाचा नाहीं. बहुतेक वेळां ती आनंदानें मिळते. एका दिग्दर्शकानें तर पत्रांत लिहिलें कीं, चर्चेंत काय निघालें तें मला अवश्य कळवा. दुसरा नियम असा कीं, चित्रपट तासाभराचा असावा. मोठा असेल तर दोन शनिवारीं दाखवावा. कारण रात्रीं दहानंतर बायका थांबूं शकत नाहींत, आणि ज्या चर्चेंत बायका नाहींत ती पाण्याची किंवा सरपणाची चर्चा अर्धवटच राहते. तिसरा नियम असा कीं, दिवा लागल्यावर पहिलें बोलणें शिक्षक, सरपंच किंवा डॉक्टर यांनीं करूं नये. ते बोलले कीं बाकीचे मान डोलावतात आणि विषय संपतो.

चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चर्चेच्या शेवटीं एक काम ठरवावें, आणि तें चार दिवसांत करतां येईल इतकें लहान असावें. मिनामाताचा चित्रपट आम्हीं दाखविला, त्या रात्रीं जगांतील सर्व कारखान्यांविषयीं पुष्कळ आवेशानें बोलणें झालें. अखेरीस एक म्हातारी बाई म्हणाली, “आपल्या बोअरचें पाणी कोणीं तपासलें आहे का?” कोणीं तपासलेलें नव्हतें. दुसऱ्या आठवड्यांत पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठीं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत गेल्या, आणि त्यांचा अहवाल पुढील ग्रामसभेंत वाचून दाखविण्यांत आला. सफाई कामगारांविषयींचा चित्रपट असला, तर कायद्याची माहिती हाताशीं ठेवावी. माणसाकडून मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या आणि २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. गटारांत उतरून मेलेल्याच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं सांगितलें आहे. ही माहिती ज्याच्या कामाची आहे असा एक तरी माणूस सभेंत असतो, असा आमचा अनुभव आहे.

श्रोतेहो, आतां वेळ संपत आली आहे. मला कोणी विचारतात कीं, हल्लीं प्रत्येकाच्या हातांत फोन आहे, त्यांत सगळें दिसतें. मग पडदा बांधण्याची ही खटपट कशासाठीं? त्यांना मी सांगतों कीं, फोनवर तो चित्रपट मीं एकट्यानें पाहिला असता, तर त्यांतील शिक्षकांबद्दल मला खूप राग आला असता, आणि राग आल्याच्या समाधानांत मी झोंपीं गेलों असतों. माझा जुना विद्यार्थी त्या खोलींत मागें बसलेला होता, म्हणून तसें झालें नाहीं.

आपल्या गांवांत एक चादर, एक भिंत आणि एक उसना प्रोजेक्टर मिळणें कांहीं कठीण नाहीं. आपणही एखाद्या शनिवारीं हा प्रयोग करून पाहावा. मात्र प्रश्नांचा कागद लिहितांना निदान एक प्रश्न आपल्याच गांवाविषयींचा असूं द्यावा, आणि तो विचारल्यानंतर गप्प बसून ऐकावें, एवढीच माझी विनंती आहे.